लाल गाडीचा हँडब्रेक

"मावशी, ब्रेक दाबला जात नाहीये," मनीषा म्हणाली.

ती ओरडली नाही. भाजीत मीठ कमी पडलंय म्हणावं, तसं म्हणाली. माणूस फार घाबरला की आवाज असाच सपाट होतो. मी तो आधीही ऐकलेला आहे आणि त्याच्यामागून चांगलं काही येत नाही हे मला माहीत आहे.

आम्ही सप्तशृंगी गडाचा घाट उतरत होतो. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये होती. डावीकडे, म्हणजे माझ्या बाजूला, डोंगर होता. उजवीकडे कठडा आणि कठड्यापलीकडे दरी. समोर वळण दिसत होतं. ब्रेकच्या पायपट्टीमागे नारळ अडकला होता. मी तो जाताना पाहिला होता. डॅशबोर्डवरून सरकला, गिअरच्या दांड्यावर आपटला आणि मनीषाच्या पायाशी गेला. मी झडप घातली, पण सीटच्या पट्ट्याने मला जागच्या जागी धरून ठेवलं. झटका बसला की पट्टा आवळतो, त्याचं ते कामच आहे.

"पायाने ढकलू का?" मनीषाने विचारलं.

"खाली बघू नको. रस्त्याकडे बघ."

मागच्या सीटवर तिची सासू होती. "काय झालं गं?" ती म्हणाली.

माझ्या पायाशी ब्रेक नव्हता. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. मी स्कूलवाली नाही. मी लोकांच्या स्वतःच्या गाडीत बसते, तिथे माझ्याकडे एकच गोष्ट असते, दोन सीटच्या मधला हँडब्रेक. गाडी उभी केल्यावर ओढून ठेवतात तो दांडा. मी उजवा हात खाली नेला. हाताला दांडा लागला नाही. आर्मरेस्ट लागला. कोपर टेकवायची गादीवाली पेटी. ती हँडब्रेकच्या बरोबर वर येऊन बसली होती आणि तिच्यावर प्रसादाची पिशवी होती.

आम्ही या गाडीत कशा आलो ते आता सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी चौथीपर्यंत शिकले. नवऱ्याचा टेम्पो होता. तो वारल्यावर टेम्पो मी चालवला. दिंडोरीकडचा भाजीपाला नाशिकच्या मार्केटला आणायचे. गुडघे गेले तेव्हा टेम्पो विकला. मग शेजारची एक बाई म्हणाली, लायसन आहे, दारात गाडी आहे, पण रस्त्यावर काढायची छाती होत नाही, तुम्ही नुसत्या शेजारी बसा. तेव्हापासून मी शेजारी बसते. आमच्याकडे याला हात बसवून देणं म्हणतात. त्यातूनच दुसरं काम निघालं. गाडी घेण्याआधी लोक मला ती दाखवतात.

मनीषाचा हात मीच बसवला, मागून आणलेल्या गाडीवर. ती कळवणला एका दवाखान्यात नर्स आहे, राहते नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ. रोज एसटीने जाऊन येऊन. ड्यूटी सुटायची वेळ आणि एसटीची वेळ जुळत नाही, म्हणून गाडी घ्यायचं ठरलं. कोणती, यावरून घरात भांडण लागलं. मला बोलावलं तेव्हा ते रंगात आलं होतं.

दोन गाड्या होत्या. एक नवी कोरी, पांढरी, बेस मॉडेल. बेस मॉडेल म्हणजे त्या गाडीचा सगळ्यात साधा प्रकार. इंजिन असतं, चाकं असतात, बाकीच्या जागा मोकळ्या. दुसरी वापरलेली, लाल, छोटी, पण स्पोर्टी. रुंद टायर, वरती काचेचं छप्पर, टर्बो इंजिन. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबायची सोय. पाय दाबला की क्षणभर काही होत नाही, मग कोणीतरी मागून ढकलल्यासारखी गाडी पळते. नवशिक्या माणसाला तो क्षण कळत नाही. तो आणखी दाबतो आणि मग घाबरतो.

मनीषाचा नवरा नीलेश अंबडला कंपनीत आहे. तो म्हणाला, "मावशी, तुम्हीच सांगा हिला. नवी ती नवी. वॉरंटी असते. पहिले मालक आपण."

"आणि मागच्या काचा हाताने फिरवायच्या," मनीषा म्हणाली. "म्युझिक सिस्टीमच्या जागी नुसतं भोक."

"तुला गाणी ऐकायचीत की ड्यूटीला जायचंय?"

"दोन्ही."

"त्या लाल गाडीत सहा एअरबॅग आहेत म्हणून सांगते ही मला. गाडी नीट चालवली तर लागतात कशाला?"

"समोरचा नीट चालवतो का?"

सासू लसूण सोलत बसली होती. ती निफाडकडची, शेतकरी घरातली. मान वर न करता म्हणाली, "लाल गाडी कोणीतरी वापरून सोडलेली हाय. त्यानं का सोडली ते इचार आधी."

"आई, आपला फ्रीजपण सेकंड हँड आहे."

"फ्रीज घाट उतरत नाय."

सगळे हसले. मीसुद्धा हसले. ते बोलणं मला नंतर फार वेळा आठवलं.

मी विचारलं, टेस्ट ड्राइव्ह घेतली का. पांढऱ्या गाडीची घेतली होती. पण शोरूममध्ये टेस्ट ड्राइव्हला टॉप मॉडेल देतात, बेस देत नाहीत. सेल्समन म्हणाला, मॅडम, चालतात सारख्याच. म्हणजे चालवून बघायची एक आणि घ्यायची दुसरी. आणि तीसुद्धा गंगापूर रोडवर सरळ नेऊन आणायची. मी सरळ रस्त्यावर गाडी बघत नाही. सरळ रस्त्यावर सगळ्या गाड्या चांगल्या असतात. मी घाटात बघते, जी माणसं रोज बसणार ती आत बसवून. ब्रेक तापल्यावर कसा लागतो, भरलेली गाडी चढावर थांबून पुन्हा उचलते का, उतारावर गिअरने किती धरते.

लाल गाडीचा डीलर म्हणाला, दिवसभर न्या. म्हणून तिला घाटात न्यायचं ठरलं. गडाचा घाट मनीषाच्या रोजच्या वाटेवर नाही, पण वाटेच्या कडेलाच आहे. नांदुरीला वळलं की लागला. सासूला कळलं तशी ती म्हणाली, "गडावर चाललाच तर मी येते. देवीच्या पायावर घालू आन मग ठरवू."

नीलेशला सुट्टी नव्हती. आम्ही तिघी निघालो.

जाताना मी गाडी सगळी बघितली. टायर बरे होते. ब्रेक चांगला होता. आर्मरेस्ट कंपनीचा नव्हता, आधीच्या मालकाने हौसेने बसवलेला होता. मी तो वर उचलून ठेवला, कारण तो खाली असला की हँडब्रेक निघत नाही. डॅशबोर्ड आरशासारखा चमकत होता. जुन्या गाड्या विकणारे त्याला पॉलिश चोळतात, गाडी नवी दिसावी म्हणून. हात ठेवला की हात घसरतो. मला ते कधीच आवडत नाही, काचेत चमक पडते आणि समोरचं दिसत नाही. तेवढंच मी मनीषाला सांगितलं.

सासू पट्टा लावत नव्हती. "पोटाला काचतो," म्हणाली.

"काचू द्या. पट्ट्याशिवाय मी गाडी हलवू देत नाही."

"तुम्ही तर मास्तरणीवानी करता."

"पैसे त्याचेच घेते."

तिने लावला.

चढताना गाडी झकास गेली. मनीषा खूश होती. मध्येच चढावर थांबवून मी तिला पुन्हा उचलायला लावलं, गाडी एक वीतही मागे आली नाही. वर गेल्यावर त्या दोघी दर्शनाला गेल्या. आम्ही बौद्ध, आमच्यात नवस, ओटी नाही. मी पार्किंगमध्ये थांबले, चाकांना हात लावून कोणतं जास्त तापलंय ते बघितलं, चहा घेतला.

त्या परत आल्या त्या ओटीचा नारळ घेऊन. लाल खणात गुंडाळलेला, शेंडी वर. सासूने तो पुढे वाकून डॅशबोर्डवर माझ्यासमोर ठेवला आणि हात जोडले.

"डिकीत ठेवा," मी म्हणाले. "नाहीतर मांडीवर घ्या."

"डिकीत स्टेपनी हाय, चपला हायत. तिथं देवीचा नारळ घालू?"

"मांडीवर घ्या मग."

"मांडीवर कुठं? देवीचं हाय ते. पुढं राहू द्या. ताई, तुमच्यात नसंल, आमच्यात असतं."

मनीषाने माझ्याकडे बघितलं आणि डोळ्यांनीच सांगितलं, राहू दे. एका घरातल्या देवाच्या गोष्टीत दुसऱ्याने, त्यातून माझ्यासारखीने, किती बोलायचं हे मला या वयात शिकवावं लागत नाही. सासूने प्रसादाची पिशवी ठेवायला आर्मरेस्ट खाली पाडला, त्याकडे माझं लक्ष गेलं नाही. मी नारळाला हात लावून ठेवला. पहिली काही वळणं हात तिथेच होता. मग समोरून एसटी आली, मनीषाला बाजूला घ्यायला सांगताना मी हात उचलला, आणि नेमकी तेव्हाच ती डावीकडे वळली. गाडी डावीकडे वळली की आतल्या वस्तू उजवीकडे जातात. नारळ पॉलिशवरून साबणासारखा गेला.

तर आता मी आर्मरेस्टवर हात ठेवून होते आणि गाडी पळत होती.

मी मनीषाकडे बघितलं. ती दोन्ही पाय दाबून बसली होती. उजवा ब्रेकवर, तो जात नव्हता. डावा क्लचवर, तो पूर्ण खाली होता. घाबरलेलं माणूस दोन्ही पाय दाबतं. मी शेकडो बायकांच्या शेजारी बसले आहे, सगळ्या दाबतात. क्लच दाबला की इंजिन आणि चाकं यांचा संबंध सुटतो. मग गाडी इंजिनाची राहत नाही, उताराची होते. इंजिनाचा आवाज एकदम बारीक झाला होता. त्या शांततेत वारा ऐकू येत होता. काटा पन्नासच्या पुढे गेला.

"क्लच सोड," मी म्हणाले.

"मी नाही दाबला."

"दाबलायस. डावा पाय उचल."

"मावशी, ब्रेक—"

"ब्रेक विसर. तुझ्याकडे ब्रेक नाही. डावा पाय उचल."

मी पुरुषासारखी ओरडले, असं सासू नंतर म्हणाली. मला आठवत नाही. मनीषाने पाय उचलला. गाडीला हिसका बसला, इंजिनाने चाकं धरली. वेग वाढायचा थांबला, पण कमी होईना. ही छोटी इंजिनं उतारावर फार धरत नाहीत. माझा टेम्पो नुसत्या गिअरवर घाट उतरायचा.

"आता दुसरा टाक."

"आवाज करेल."

"करू दे."

तिने दुसरा टाकला. इंजिन किंचाळलं. आम्ही तिघी पुढे फेकल्या गेलो आणि पट्ट्यात अडकलो. वेग उतरला. पन्नासवरून चाळीस, त्याच्या खाली. पण वळण आता समोर नव्हतं, आम्ही वळणातच होतो.

मी आर्मरेस्ट ओढला. त्याचं झाकणच उघडलं, पेटी जागची हलली नाही. प्रसादाची पिशवी पडली, पेढे माझ्या पायावर सांडले. मी झाकणात हात घालून सगळी पेटी वर खेचली. तिला खाली कुठेतरी खटका होता. तो सापडेना. बोटं चाचपडत होती आणि डोळे मला रस्त्यावरून काढवत नव्हते. मी आयुष्यात पुष्कळ वेळा घाबरले आहे. पण तेव्हा बोटांना जे झालं ते कधी झालं नव्हतं. ती माझी राहिली नव्हती. खटका असा दाबायचा हे मला कळत होतं आणि बोटांना कळत नव्हतं.

मागून सासू काहीतरी पुटपुटत होती. देवीचं नाव घेत असावी.

खटका निघाला. पेटी वर गेली. हँडब्रेक हातात आला. तो एकदम ओढायचा नसतो. त्याने फक्त मागची चाकं धरली जातात. एकदम ओढला तर मागची चाकं घसरतात आणि गाडीची शेपूट फिरते. आमची शेपूट फिरली असती तर कठड्याकडेच गेली असती. टोकाचं बटण दाबून धरायचं आणि थोडा थोडा ओढायचा, सोडायचा, ओढायचा. मी तसं केलं. जळका वास यायला लागला.

तेवढ्यात खालून जीप आली. माणसांनी भरलेली, मागे दोघं उभे. वळण असल्यामुळे ती अर्धी आमच्या बाजूला होती. जीपवाल्याने हॉर्न दिला. त्याला वाटलं आम्ही थांबू.

"डोंगराला घास," मी म्हणाले.

मनीषा म्हणाली, "गाडी आपली नाहीये मावशी."

हे ती खरंच म्हणाली. मी खोटं सांगत नाही. समोर जीप, उजवीकडे दरी, आणि तिला दुसऱ्याच्या गाडीला ओरखडा पडायची काळजी.

"डावीकडे घे. डोंगराला घास म्हणते ना."

तिने स्टिअरिंग डावीकडे घेतलं. डावी चाकं गटारात उतरली. मग दगडाचा आवाज. पत्रा फाटतो तसा, खूप लांब. माझ्या बाजूची काच फुटून अंगावर आली. त्याच वेळी कानाजवळ स्फोट झाल्यासारखं झालं आणि माझं डोकं कशाततरी मऊ जाऊन आदळलं. ती बाजूची एअरबॅग होती. खरोखर मला वाटलं की मी मेले. पांढरी पूड उडाली आणि कानात शिट्टी वाजायला लागली. मग गाडी थांबल्याचं कळलं.

मला मागे वळून बघायचं होतं आणि बघवत नव्हतं. मागून आवाज आला नसता तर मी वळले नसते, तशीच बसून राहिले असते.

"माझा चष्मा," सासू म्हणाली.

जीप आमच्यापासून हातभर अंतरावरून वर गेली होती आणि पुढे थांबली होती. माणसं पळत आली. माझं दार दगडाला टेकलं होतं, मला मनीषाच्या बाजूने ओढून काढलं. माझं डावं मनगट मोडलं होतं. सासूच्या गळ्याजवळचं हाड पट्ट्याने तडकलं होतं. मनीषाला ओरखडाही नव्हता. तिने सासूचा हात ओढणीने गळ्यात बांधला, माझ्या मनगटाला पुठ्ठा लावला, जीपवाल्याला कोणत्या दवाखान्यात न्यायचं ते सांगितलं, आणि मग रस्त्यात बसली.

जीपवाल्याने आत वाकून ब्रेकमागचा नारळ ओढून काढला. खण फाटला होता. नारळ फुटला नव्हता.

"हा कुणाचा?" त्याने विचारलं.

"डिकीत टाक," सासू म्हणाली.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा त्यांच्या घरी होते, हाताला प्लास्टर घालून. गाडीची दुरुस्ती इन्शुरन्समधून होणार होती. भांडण पुन्हा लागलं होतं, फक्त माणसं बाजू बदलून बसली होती.

नीलेश म्हणाला, "लालच घेऊ. एवढं दगडाला घासून तुम्ही तिघी बाहेर आलात. पत्रा दणकट आहे. आणि त्या सहा एअरबॅग. पांढरीत फक्त पुढच्या दोन आहेत. मावशींचं डोकं गेलं असतं."

"त्या गाडीत मी बसणार नाही," मनीषा म्हणाली.

"अगं, दोष नारळाचा. नारळ काय, नव्या गाडीतही घरंगळला असता."

"मला माहीत आहे. तरी बसणार नाही."

"मावशी, तुम्ही सांगा."

मी जे बघितलं ते सांगितलं. लाल गाडीचा ब्रेक चांगला होता, इंजिनात खोट नव्हती. तिच्या एअरबॅगने मला वाचवलं. तिच्यातल्या हौसेच्या आर्मरेस्टने आणि पॉलिशने आम्हाला मारायला आणलं होतं. आर्मरेस्ट काढता येतो, पॉलिश पुसता येतं. बाजूची एअरबॅग नंतर बसवून मिळत नाही. मला विचाराल तर लाल.

"आन ही बसणार नाय तर गाडी काय म्या चालवू?" सासू म्हणाली.

जिला चालवायचीय तिचे पाय त्या गाडीत लटपटणार असतील, तर गाडी कितीही चांगली असो, ती तिच्यासाठी वाईट आहे. हे मला आधी सुचायला हवं होतं, सासूला सुचलं.

शेवटी पांढरीच घेतली, पण बेस नाही. त्याच्या वरच्या मॉडेलमध्ये बाजूच्या एअरबॅग होत्या, ते बुक केलं. थांबावं लागलं. तोवर मनीषा एसटीनेच गेली. गाडी आल्यावर मी पुन्हा शेजारी बसले. पहिले दिवस ती प्रत्येक उताराला खाली पायाशी बघायची. मी प्रत्येक वेळी रस्त्याकडे बघ म्हणायचे. कळवणच्या रस्त्यावर तिला एकटीने जायला वेळ लागला. आता जाते. अजूनही डावा पाय चुकून क्लचवर जातो, असं तीच सांगते.

गाडी निवडताना लोक मला मायलेज विचारतात, पिकअप विचारतात, रिसेल विचारतात. मी आधी शेजारच्या सीटवर बसते आणि डोळे मिटून हँडब्रेकला हात घालून बघते. हात एका झटक्यात पोचला तर पुढचं बोलते. आणि निघायच्या आधी सांगते, पुढे काही सुटं ठेवायचं नाही. पाण्याची बाटली नाही, मोबाइल नाही, देवाचंही नाही. एकदोघींना राग आला. येऊ दे.

त्या दिवशी लाल गाडीत मनीषा होती, तिची सासू होती आणि मी होते. तिघीही जगलो.